अपघातानंतरचे पहिले बारा तास

लहान कारखान्यात एखादा गंभीर अपघात झाला की मालकाचे फोन कोणत्या क्रमाने जातात, हे पाहण्यासारखे असते. पहिला फोन रुग्णवाहिकेला किंवा ओळखीच्या डॉक्टरांना जातो आणि तो तसाच जायला हवा. दुसरा भावाला अथवा भागीदाराला जातो. तिसरा अशा एखाद्या गृहस्थांना जातो, ज्यांची 'वर ओळख' असल्याचे गावात मानले जाते. मग वकील, विमा प्रतिनिधी आणि सनदी लेखापाल यांची पाळी येते. कारखाना निरीक्षकाचे नाव निघते ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तेही 'त्यांना कळले तर काय?' अशा प्रश्नाच्या रूपाने. वास्तविक रुग्णवाहिकेनंतरचा दुसरा फोन त्यांचाच असावयास हवा.

समाजातील अनेक कुटुंबे आज लहान-मध्यम उद्योगांत स्थिरावली आहेत. कोणाचे यंत्रमाग आहेत, कोणाची फाउंड्री, कोणाची डाळमिल. कोणाचा प्लॅस्टिक मोल्डिंगचा व्यवसाय, तर कोणाची बाजार समितीच्या आवारात मोठी गोदामे आहेत. ही मंडळी कागदपत्रांच्या बाबतीत बेफिकीर मुळीच नसतात. वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्राची तारीख, बँकेला द्यावयाचे स्टॉक स्टेटमेंट, आगाऊ कराचा हप्ता हे सारे त्यांना तोंडपाठ असते. अपघाताची खबर देण्याच्या मुदती मात्र दहांतील एखाद्यालाच सांगता येतील. कारण उघड आहे. करविवरण दर महिन्याला येते. गंभीर अपघात कित्येकांच्या आयुष्यात एकदाच येतो, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी पुस्तक उघडून कलम शोधण्याची मनःस्थिती कोणाचीच नसते. म्हणून हा विषय निवांतपणी समजून घेण्याचा आहे.

कायदा काय अपेक्षितो?

पाऊणशे वर्षे या बाबतीतला मुख्य आधार होता तो कारखाने अधिनियम, १९४८ याचे कलम ८८. मृत्यू ओढवणारा अपघात, किंवा ज्या इजेमुळे कामगार ४८ तास अथवा त्याहून अधिक काळ काम करू शकत नाही असा अपघात झाल्यास, कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्याची खबर तत्काळ संबंधित अधिकाऱ्यास द्यावी, असे ते कलम सांगत असे. मृत्यूच्या प्रकरणी खबर मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत अधिकाऱ्याने चौकशी करावी, असेही त्यात होते. म्हणजे कर्तव्य केवळ मालकावर नव्हते. खबर आली की शासनाच्या यंत्रणेवरही मुदत सुरू होत असे. खबरच दिली नाही, तर ती मुदत कधीच सुरू होत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तपशील महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ यांत आहे. मृत्यू झाला असेल, अथवा इजा मृत्यू ओढवण्याइतकी गंभीर असेल, तर निरीक्षकाला दूरध्वनीने, खास माणूस पाठवून अथवा तारेने लगेच कळवावयाचे. (तारेची सेवा २०१३ मध्ये बंद झाली, नियमातील शब्द मात्र बरीच वर्षे टिकून राहिला.) तीच खबर जिल्हादंडाधिकारी अथवा उपविभागीय अधिकारी, जवळचे पोलीस ठाणे आणि जखमी वा मृत कामगाराचे नातलग यांनाही द्यावयाची. मग बारा तासांच्या आत ठरावीक नमुन्यात लेखी अहवाल पाठवून त्या तोंडी खबरेस दुजोरा द्यावयाचा. इजा तुलनेने कमी असली, पण कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर ते ४८ तास संपल्यापासून पुढील २४ तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो. कामगार मध्ये एक दिवस येऊन पुन्हा घरी बसला, तर गैरहजेरीचे तुकडे जोडून एकूण ४८ तास भरले की हिशेब सुरू होतो. आणि जखमी म्हणून कळविलेला माणूस पुढे आठवड्याने दगावला, तर त्या मृत्यूची खबर पुन्हा वेगळी द्यावयाची. येथेच पुष्कळांची चूक होते. 'आम्ही कळविले होते की' असे म्हणून दुसरी खबर राहून जाते.

नातलगांना कळविणे हे या यादीत आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कामगार बिहार, ओडिशा किंवा उत्तर प्रदेशातला असेल, तर त्याच्या घरचा क्रमांक कारखान्यात कोणाजवळही नसतो. असलाच तर तो ठेकेदाराच्या मुकादमाजवळ असतो आणि त्या दिवशी मुकादमाचा फोन लागत नाही. कामावर घेतानाच प्रत्येकाच्या घरचा पत्ता आणि दोन क्रमांक नोंदवून ठेवणे, हे काम दहा मिनिटांचे आहे.

१९७६ मध्ये कलम ८८-अ जोडले गेले आणि त्याने एक मोठी उणीव भरून काढली. कोणालाही खरचटलेसुद्धा नाही, तरीही काही घटना कळविणे आवश्यक ठरले. वाफेच्या दाबाखालील भांडे फुटणे, क्रेन अथवा हॉइस्ट मोडून पडणे, कारखान्याचे छप्पर, भिंत किंवा धुराडे कोसळणे, स्फोट होणे, या गोष्टी नियमांच्या परिशिष्टात 'धोकादायक घटना' म्हणून गणल्या आहेत. दुपारच्या सुट्टीत क्रेनचा दोर तुटला, खाली कोणी नव्हते, 'देवाची कृपा' म्हणून नवा दोर बसविला आणि काम सुरू झाले. हा प्रसंग व्यवहारात सर्रास घडतो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो न कळविलेला प्रसंग होय.

अन्य कायद्यांचे धागेही येथे येऊन मिळतात. विजेच्या धक्क्याने अपघात झाला तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ नुसार विद्युत निरीक्षकास २४ तासांत खबर आणि ४८ तासांत लेखी अहवाल जावा लागतो. बॉयलरच्या अपघाताकरिता १९२३ च्या कायद्यानेच २४ तासांची मुदत घालून दिली होती. राज्य विमा योजनेखालील कामगार गंभीर जखमी झाला तर तिच्या स्थानिक कार्यालयास आणि विमा वैद्यकीय अधिकाऱ्यास ताबडतोब अहवाल द्यावा लागतो. इजा साधी असेल तर ४८ तास मिळतात. एका अपघाताच्या खबरा अशा रीतीने तीन-चार दारी जातात. यादी भिंतीवर लावलेली नसेल तर त्यातले एखादे दार हमखास विसरले जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आणि कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. अपघाताची आणि धोकादायक घटनेची खबर देण्याचे कर्तव्य तिच्यातही कायम आहे. एका बाबतीत मात्र काही मंडळींचा गैरसमज झालेला दिसतो. नव्या संहितेत 'कारखाना' या शब्दाची मर्यादा वाढली आहे. वीज वापरणाऱ्या ठिकाणी पूर्वी दहा कामगारांपासून कारखाना धरला जाई, तो आता वीसपासून धरला जातो. त्यामुळे बारा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपचे मालक आपण सुटलो असे समजतात. खबर देण्याचे कलम केवळ 'कारखान्या'ला लावलेले नाही. ते 'आस्थापने'ला लागू आहे, आणि जेथे दहा अथवा अधिक कामगार आहेत असे उद्योग-व्यापाराचे ठिकाण म्हणजे आस्थापना होय. म्हणजे ज्यांना आजवर या कलमाशी काही कर्तव्य नव्हते ती घाऊक दुकाने, गोदामे आणि वखारीसुद्धा आता त्यात आली. धान्याची थप्पी कोसळून हमाल दबला, तर तो 'बाजारातला अपघात' म्हणून सोडून देता येणार नाही. राज्याच्या नव्या नियमांची घडी नीट बसेपर्यंत जुन्या नियमांतील बारा तासांची शिस्त पाळणे, हेच व्यवहारी माणसाचे धोरण असावे.

दंडाचे मानही बदलले आहे. कर्तव्यात कसूर झाल्यामुळे मृत्यू ओढवला तर दोन वर्षांपर्यंत कारावास, अथवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही; गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कारावास अथवा दोन ते चार लाखांचा दंड, अथवा दोन्ही. आणि या दंडाच्या रकमेपैकी निम्म्याहून कमी नाही इतका भाग पीडित कामगारास अथवा त्याच्या वारसांस देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही तरतूद नवी आणि स्वागतार्ह आहे. पूर्वी दंड सरकारी तिजोरीत जाई आणि विधवेच्या हाती काही पडत नसे.

देणगी आणि देणे

खबर न देण्यामागे प्रत्येक वेळी दुष्ट हेतू असतो, असे मानणे अन्यायाचे होईल. पुष्कळ मालक जखमीचा रुग्णालयाचा सारा खर्च उचलतात, अंत्यविधीस स्वतः जातात, घरच्यांच्या हातात दोन लाख, तीन लाख रुपये ठेवतात, मुलाला नोकरी देण्याचा शब्द देतात. त्यात कणव असते, हे नाकारता येत नाही. पण हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर ही देणगी झाली. देणे फिटले नाही.

कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ याच्या कलम ८ ने ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच स्पष्ट केली. मृत कामगाराच्या भरपाईची रक्कम आयुक्तांकडे जमा करावयाची असते. वारसांच्या हातात थेट दिलेली रक्कम ही भरपाई दिल्याचे धरली जात नाही. अपवाद एवढाच की, तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल अवलंबितांना देता येते आणि ती पुढे वळती करता येते. 'आमची काही तक्रार नाही' असे मुद्रांकपत्रावर लिहून घेतलेले कागद भरपाईचा हक्क संपवू शकत नाहीत. असा हक्क सोडून देणारा करार त्या कायद्याने निरर्थक ठरविला होता. ज्या कागदाच्या भरवशावर मालक निर्धास्त झोपतो, त्याची किंमत त्यावरील मुद्रांकाइतकीही नसते. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असला तरी त्याचा सांगाडा तोच आहे.

आकडे एकदा मांडून पाहावेत. मृत्यूच्या भरपाईचे सूत्र असे: मासिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. ३ जानेवारी २०२० पासून या गणनेसाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाऊ लागले. ३० वर्षे वयाचा गुणांक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, अर्थात १५,५९,८५० रुपये. ही रक्कम एका महिन्याच्या आत जमा करावयाची असते. दोन वर्षे टाळाटाळ झाली, तर १२ टक्के सरळव्याजाने ३,७४,३६४ रुपये वाढतात. विलंबास सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ७,७९,९२५ रुपयांपर्यंत आणखी बसू शकतात. एकूण झाले २७,१४,१३९. विमा आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनी हेही पाहावे की, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वाहन-अपघाताच्या प्रकरणात भरपाई व व्याजाचा भार विमा कंपनीवर टाकला, परंतु विलंबाच्या दंडाचा भार मालकावरच ठेवला. कसूर मालकाची, तर तिची किंमतही त्याच्याच खिशातून, असा तो साधा न्याय आहे.

ओडिशातील जेपूर येथील एका सुताराचे प्रकरण या विषयात नेहमी उद्धृत केले जाते. ६ जुलै १९६८ रोजी एका चित्रपटगृहात शोभेचे काम करताना तो खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराजवळून कापावा लागला. मालकाच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की, आयुक्तांनी रक्कम ठरविण्यापूर्वी ती देय होतच नाही. मग विलंब कसला? सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी तो मान्य केला नाही. इजा झाली त्या क्षणी देणे उत्पन्न झाले, असे त्यांनी सांगितले. शिवाय एका हाताने सुतारकाम करता येत नाही, म्हणून त्याची कमावण्याची शक्ती शंभर टक्के गेली, हेही मान्य केले. कोष्टकात बघून 'एक हात म्हणजे इतके टक्के' असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल अवश्य लक्षात घ्यावा.

दुसरे प्रकरण आपल्या धाराशिव जिल्ह्याचे, तेव्हाच्या उस्मानाबादचे. साखर कारखान्यातील एक पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघातात मरण पावला. तारीख २२ एप्रिल २००३. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय पुन्हा कायम केला. कामाच्या वेळेशी, ठिकाणाशी आणि परिस्थितीशी संबंध जुळत असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही नोकरीच्या ओघातील धरला जावा, असा त्याचा आशय आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूदच आहे. फाटकाबाहेरचा अपघात आपला नव्हे, ही समजूत आता सोडावी लागेल. तीन लाख सव्वीस हजारांसाठी त्या कुटुंबाची बावीस वर्षे गेली.

राज्य विमा योजनेबद्दल एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. ज्या कामगाराचा विमा भरलेला असतो त्याला भरपाई अधिनियमाखालील दावा करावा लागत नाही; कायमचे अपंगत्व आले तर त्याला, आणि तो मरण पावला तर अवलंबितांना, योजनेतून दरमहा रक्कम मिळते. मालकाच्या डोक्यावरचे ओझे उतरते. असे असूनही वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या उद्योगातील जखमी कामगारांची पाहणी करणाऱ्या 'सेफ इन इंडिया फाउंडेशन' या संस्थेला वारंवार असे आढळले की, बहुसंख्य कामगारांना विम्याचे ओळखपत्र अपघात झाल्यानंतर मिळाले. सकाळी बोट तुटते आणि संध्याकाळी नाव नोंदविले जाते. महिन्याला काही शे रुपयांची ही बचत असते, आणि ती कशावर केली जाते हे हजेरीपत्रक उघडताच कळते.

चौकशी कशासाठी?

खबर देण्याची भीती वाटते, कारण खबर म्हणजे कबुली असा समज आहे. अहवालाचा नमुना वाचला तर हा समज टिकत नाही. त्यात विचारलेले असते ते असे: जखमीचे नाव, वय, काम, अपघाताची वेळ, त्या दिवशी तो किती वाजता कामाला लागला, यंत्राचे नाव आणि इजा करणारा भाग, ते यंत्र त्या वेळी शक्तीवर चालू होते काय, आणि जखमी नेमके काय करीत होता. दोष कोणाचा, हे कबूल करण्याची जागा त्यात नाही. रोजकीर्दीत जशी जमा-नावे त्या-त्या दिवशी लिहिली जाते तशी ही नोंद आहे. चार दिवसांनी आठवून लिहिलेल्या रोजकीर्दीवर कोणता हिशेबतपासनीस विश्वास ठेवील?

'किती वाजता कामाला लागला' हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. अपघात पहाटे चारला झाला आणि माणूस आदल्या सकाळी आठला आला होता, असे त्या एका रकान्यातून बाहेर आले, तर पुढच्या चौकशीची दिशा ठरून जाते.

मालकाने स्वतः करावयाच्या चौकशीत पहिली ओळ बहुतेक ठिकाणी सारखीच लिहिली जाते: 'कामगाराचा निष्काळजीपणा.' ही ओळ लिहिली की चौकशी संपते. समजा, पॉवर प्रेसवर एका कामगाराची दोन बोटे गेली. हात साच्यात का गेला? पत्र्याचा तुकडा अडकला होता म्हणून. तो काढायला चिमटा का वापरला नाही? दिलेला नव्हता. साच्यासमोरचा गार्ड कोठे होता? नग कमी पडतात म्हणून महिन्यापूर्वी काढून ठेवला होता. कोणी काढला? कामगाराने, पण पर्यवेक्षक रोज समोरून जात होता. पायडल दाबलेले नसताना प्रेस खाली आली कशी? क्लच जीर्ण झाल्याने ती कधी कधी एका दाबात दोनदा खाली येत असे. हे कोणाला ठाऊक होते? मागच्या आठवड्यात एकदा तसे झाले होते. फिटरने तात्पुरती दुरुस्ती केली आणि कोठे लिहून ठेवले नाही. खरा अपघात मागच्या आठवड्यात झाला होता. त्या दिवशी साच्यात बोट नव्हते, इतकेच. येथपर्यंत पोचलेली चौकशी उरलेल्या सहा प्रेसवरची बोटे वाचविते. 'निष्काळजीपणा' लिहून थांबलेली चौकशी फक्त एक कागद वाढविते.

ही साखळी उलगडायची तर पुरावा जागेवर हवा. खाणींच्या कायद्यात मृत्यूच्या अपघाताची जागा निरीक्षक येईपर्यंत हलवू नये, असा दंडक आहे; बचावकार्यासारखे अपवाद सोडता, ते ७२ तासांत आले नाहीत तरच काम पुन्हा सुरू करता येते. कारखान्यातही तोच संयम पाळावा. जखमीला सोडविण्यासाठी आणि दुसरा अपघात टाळण्यासाठी जे हलवावे लागेल ते हलवावे, पण आधी अथवा लगेच नंतर छायाचित्रे घ्यावीत, यंत्राची वीज तोडून त्यास कुलूप लावावे. अपघातानंतर संध्याकाळी घाईघाईने गार्ड बसविणे हा शहाणपणा नव्हे. पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि जुन्या दंडविधानात ती दोनच वर्षे होती. शेजारच्या यंत्रावर कोण होते, त्यांचे म्हणणे त्याच दिवशी, त्यांच्याच भाषेत लिहून घ्यावे. ठेक्यावरचा साक्षीदार एकदा गावी गेला की परत येत नाही. कामगार ठेकेदाराचा असला तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकाकडे येऊ शकते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणून 'तो आमचा माणूस नव्हे' असे वाक्य चौकशीच्या कागदावर लिहिण्यापूर्वी विचार करावा.

लहान घटनेकडे पाठ फिरविण्याचे टोक कोठे जाते, हे भोपाळने दाखविले आहे. तेथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. पुढच्याच महिन्यात पुन्हा फॉस्जीनची गळती होऊन कित्येक कामगार रुग्णालयात गेले. मे १९८२ मध्ये अमेरिकेतील मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी पाहणी करून त्रुटी लिहून दिल्या. ऑक्टोबरमध्ये मिथाइल आयसोसायनेटचीच गळती झाली. स्थानिक पत्रकार राजकुमार केसवानी यांनी त्याच वर्षी आपल्या लहानशा हिंदी साप्ताहिकातून शहराला सावध केले. खबर होती, अहवाल होते, वृत्तपत्रांतील लेख होते. तरीही २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले तेव्हा शीतकरण यंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांविषयीचे संपूर्ण नवे प्रकरण घातले गेले आणि कामगारांना धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८१ मधल्या एका कामगाराच्या मृत्यूची चौकशी शेवटच्या 'का?' पर्यंत नेली गेली असती आणि तिचे उत्तर अमलात आले असते, तर काय झाले असते, हा प्रश्न विचारण्यास भोपाळचेच नागरिक अधिक पात्र आहेत.

डाळमिल अथवा यंत्रमागाच्या शेडमध्ये भोपाळ घडणार नाही, हे खरे. पण पट्ट्यात अडकता-अडकता वाचलेला सदरा, उघड्या वायरीचा बसलेला हलका झटका, थप्पीवरून घसरलेले पण बाजूला पडलेले पोते, या घटना तेथे रोजच्या असतात आणि त्या कोणी लिहीत नाही. काही जाणत्या कारखान्यांत हजेरीच्या टेबलावर एक साधी वही ठेवलेली असते. थोडक्यात टळलेला प्रत्येक प्रसंग त्यात तारीख, वेळ आणि यंत्राच्या क्रमांकासह नोंदवावयाचा. ज्याला लिहिता येत नाही त्याचे सांगणे हजेरी घेणाऱ्या कारकुनाने लिहून घ्यावयाचे, आणि सांगणाऱ्याला कोणीही दरडावायचे नाही. शनिवारी मालक स्वतः ती वही वाचतो आणि प्रत्येक नोंदीसमोर काय केले ते लिहून सही करतो. त्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे जवळचे कार्यालय, पोलीस ठाणे, विद्युत निरीक्षक, राज्य विमा योजनेचे स्थानिक कार्यालय आणि दोन रुग्णालये यांचे क्रमांक चिकटविलेले असतात. क्रमांक बदलला की कागद बदलावा लागतो. हे काम दर वर्षी कोणाकडे, तेही तेथेच लिहिलेले असते.